इन्स्पेक्टरीणबाईंची पांढरी अंडी

३ जुलै

चिमणे,

‘अनेक आशीर्वाद’ अशी सुरुवात केली असती तर तू पत्र तिथेच मिटलं असतंस, म्हणून आशीर्वाद राखून ठेवले आहेत. पाकिटावरचं अक्षर आत्याचं आहे हे ओळखूनही तू ते फोडलंस असं मी धरून चालते. समोर श्रोते आहेत असं धरूनच वक्त्याने उभं राहायचं असतं.

फोन तू उचलत नाहीस, ते बरंच आहे. उचललास तर मी बोलत सुटेन आणि तू ठेवून देशील. कागदाचं तसं नसतं. तो बाजूला ठेवला तरी टेबलावर बसून वाट बघतो.

तुझ्या लग्नातल्या प्रकाराबद्दल मी काही लिहिणार नाही. मी दोन शब्द बोलायला उभी राहिले होते, त्या दोनाचे थोडे अधिक झाले आणि जेवण गार झालं, असं लोक म्हणतात. नवऱ्यामुलाच्या वडिलांचं याच गावात जनावरांच्या औषधांचं दुकान आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. माहीत होतं, म्हणून तर बोलले. ज्या बाजारात आधी औषध तयार होतं आणि मग त्याच्यासाठी रोग शोधला जातो, त्या बाजाराबद्दल समोर गिऱ्हाईक नसताना बोलायचं आणि दुकानदार बसला की गप्प राहायचं, हे मला या जन्मी जमणार नाही. असो. मी काही लिहिणार नव्हते.

इकडे सगळं क्षेम आहे. परसातल्या कोंबड्या मजेत आहेत. इन्स्पेक्टरीणबाई तर ठणठणीत. अजूनही सकाळी खुराड्यातून बाहेर पडली की मान तिरकी करून सगळ्या परसाची तपासणी करते आणि कुणाचं तरी चुकलंय अशा चेहऱ्याने परत येते.

तू आता गुरांची शिकलेली डॉक्टर आहेस म्हणून एक सर्वसाधारण प्रश्न विचारते. समजा, एखाद्या कोंबडीचा तुरा फिका पडला, दाणे खाऊनही तिच्या छातीचं हाड बोटाला लागू लागलं, आणि विष्ठेत शेवयांसारखं पांढरं काही वळवळताना दिसलं, तर लसूण किती द्यावा? ‘द्यावा का’ असं मी विचारलेलं नाही. ‘किती’ असं विचारलं आहे.

आत्या

११ जुलै

चिमणे,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ती सर्वसाधारण कोंबडी म्हणजे इन्स्पेक्टरीणबाईच.

लग्नानंतर गाडीत बसताना तू म्हणाली होतीस, “घराला अंगण मिळालं की माझी कोंबडी न्यायला येईन. तेवढ्यासाठीच येईन.” मी तेव्हा तोंड फिरवून उभी होते. ऐकू आलं नाही असं तुला वाटलं असेल. लाउडस्पीकरशिवाय हजार माणसांच्या सभेतला शेवटच्या रांगेतला टोमणा मला ऐकू येतो. तुझं वाक्यही आलं. तेव्हा ही कोंबडी जगायला हवी. का, ते मी लिहिणार नाही. तू हुशार आहेस.

जंत आहेत, यात शंका नाही. मी वाचनालयातली पुस्तकं उपसली आहेत. माणसाने जेव्हापासून कोंबडी पाळली तेव्हापासून तिच्या पोटात जंत आहेत आणि तेव्हापासून घराघरातल्या बायकांनी त्यावर काही ना काही शोधून ठेवलं आहे. लसूण, लाल भोपळ्याच्या बिया, पपईच्या बिया, डाळिंबाची साल. या ज्ञानाला कुणी बाटलीत भरलं नाही, म्हणून त्याला ज्ञान म्हणायचं नाही की काय? हे वाक्य मी परसबाग मंडळाच्या सभेसाठी राखून ठेवलं होतं, पण तुला आधी दिलं.

प्रत्यक्षात मात्र कोंबड्यांनी अजून पुस्तकं वाचलेली नाहीत. लसूण ठेचून दाण्यात मिसळला, तर त्यांनी एकेक दाणा निवडून खाल्ला आणि लसूण मला परत केला. मग तो पाण्यात ठेचून घातला. आता रोज सकाळी पाण्याचं भांडं लसणाच्या पाण्याने भरते आणि तळ्यावर फिरायला जाते. परत येते तर भांड्याला लसणाचा वासच नसतो! कोंबड्या सांडतात वाटतं. मी पुन्हा भरते. पपईच्या बिया वाळवून, कुटून दह्यात कालवल्या. इन्स्पेक्टरीणबाईंनी एक चोच मारली, माझ्याकडे बघितलं आणि चोच माझ्या साडीला पुसली. भोपळ्याच्या बियांचा भरडा तेवढा सगळ्या मिटक्या मारत खातात.

शेजारची शिंपीणबाई भिंतीवरून बघत होती. म्हणाली, “आत्याबाई, एवढा लसूण घालताय, आता अंडं फोडलं की थेट आमटीच निघेल.”

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आत्या

२० जुलै

चिमणे,

आनंदाची बातमी! तुरा लाल होतोय. अजून पूर्वीसारखा नाही, पण परवा होता त्याहून नक्की लाल. काल ती शिंपीणबाईंच्या मांजराच्या अंगावर धावून गेली. मांजर भिंतीवर चढलं आणि उतरायला तयार होईना. ही प्रकृती सुधारल्याची खूण नाही तर काय?

आणि आता ऐक. आपल्या कोंबड्या जन्मापासून तांबूस अंडी घालतात, हे तुला ठाऊक आहे. गेले काही दिवस त्या पांढरी घालताहेत. पांढरीशुभ्र! एक-दोन नव्हे, सगळ्या. मी आधी चकित झाले. मग विचार केला. शरीरातलं विष गेलं की माणसाची त्वचा उजळते, तर कोंबडीच्या अंड्याने काय घोडं मारलंय? शिवाय अंडी हाताला गार लागतात. खुराड्यातून काढलेलं अंडं कोमट असायला हवं, हे तू मला शिकवू नकोस. पण पोटातला दाहच शमला असेल, तर ते गार लागणारच.

शिंपीणबाईंना रोज दोन अंडी देते. ती अंड्याकडे बघून म्हणाली, “लसणाने रंग जातो होय? मग माझ्याकडचं काळं कापड पडलंय तेही घासते.”

अशा लोकांमुळेच पृथ्वी इतकी वर्षं सपाट राहिली.

येत्या रविवारी परसबाग मंडळाची सभा आहे. मी बोलणार आहे. तू काही कळवणार असलीस तर त्याआधी कळव.

आत्या

२८ जुलै

चिमणे,

सभा गाजली. सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. मी हातात एक तांबूस आणि एक पांढरं अंडं घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, “हे आधीचं. हे नंतरचं. मध्ये काय आहे? मध्ये आपल्या आजीचं स्वयंपाकघर आहे!” टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेत कुणीतरी तर इतक्या जोरात वाजवत होतं की मान उंच करून बघावं लागलं. दिसलं नाही कोण ते. खांब आड आला.

पुढे जे बोलले त्याचा सारांश देते. गरिबाच्या परसात पाच कोंबड्या असतात. त्या आजारी पडल्या तर त्याने दुकानात जावं, न वाचता येणाऱ्या अक्षरांची बाटली घ्यावी आणि ती किती द्यायची हे दुकानदाराच्या घाईवर सोडावं, ही व्यवस्था कुणी केली? पाच कोंबड्यांच्या मालकिणीला विचारून केली का?

याला तुझ्याकडेही उत्तर नसेल. सासरच्या बाजूने विचार केलास तरी नसेल.

एक गोष्ट फक्त मनात राहिली. घरी आल्यावर ते पांढरं अंडं भांड्यात ठेवताना मला वाटलं, याच्या एका बाजूला पुसट जांभळी शाई आहे. खुराड्यात शाई कुठून येणार? भोपळ्याच्या बियांचा डाग असेल. भोपळ्याच्या बियांना जांभळा रंग नसतो, हे मला माहीत आहे. झोप येत होती, म्हणून विषय तिथेच सोडला.

आत्या

३० जुलै

चिमणे,

बस. आधी पाणी पी.

आज फिरायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले, चष्मा विसरला म्हणून. परसाचं फाटक उघडं. खुराड्याचं दार उघडं. आणि खुराड्यात कमरेपर्यंत शिरलेला एक माणूस. बाहेर फक्त इस्त्रीची पँट आणि चकचकीत बूट. मी कपडे वाळत घालायची काठी उचलली.

“बाहेर ये, चोरा!”

आतून शांत आवाज आला, “विहीणबाई, काठी खाली ठेवा. माझ्या खिशात अंडी आहेत.”

तुझे सासरे.

“कुणाची अंडी?” मी विचारलं.

“डाव्या खिशात तुमची. उजव्या खिशात माझी.”

ते मागे सरकत बाहेर यायला लागले, तसा डावा खिसा दाराच्या कडीला लागला आणि माझी अंडी फुटली. त्यांच्या पँटवरून तांबूस कवचांचे तुकडे ओघळत बुटावर आले. तशा अवस्थेतही त्यांनी उजव्या खिशातली दोन अंडी, पांढरी, गार, रुमालात गुंडाळून काढली आणि कायदेशीर पंचनामा असावा तशी पायरीवर ठेवली. एकावर पोल्ट्रीचा जांभळा शिक्का होता.

मी खाली बसले. तेही बसले. इन्स्पेक्टरीणबाई आमच्या दोघांच्या मधून तपासणी करत गेली.

“सूनबाईंचा फोन आला होता,” ते म्हणाले. “त्या म्हणाल्या, ‘आत्याचं पत्र आलंय. तिची एक सर्वसाधारण कोंबडी आजारी आहे. म्हणजे माझीच. ती फिरायला गेली की पाण्यात औषध घालून या, पण तिला कळू देऊ नका. कळलं तर ती भाषण करेल.’”

चिमणे, म्हणजे पहिलंच पत्र तू फोडलं होतंस.

“औषधाचं समजलं,” मी म्हणाले. “अंडी का चोरली?”

“चोरली कुठे? बदलली. औषध चालू असताना आणि नंतर काही दिवस ती अंडी खायची नसतात. बाटलीवर लिहिलंय. तुम्ही खाताय, वर शेजारणीला वाटताय. मला रात्री अन्न गोड लागेना.”

“पण पांढरी?”

“आमच्या गल्लीत पांढरीच मिळतात. मला वाटलं, पहिल्याच दिवशी पकडला जाणार. तुम्ही त्यावर भाषण केलंत!”

“तुम्ही सभेला होतात?”

“मागच्या रांगेत.”

“टाळ्या कोण वाजवत होतं?”

“मीच,” तुझे सासरे म्हणाले. “चुकीचं बोललात, पण काय बोललात! आमच्या मालाविरुद्ध इतकं चांगलं बोललेलं मी तुमच्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही. पण विहीणबाई, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आज ना उद्या शिक्का दिसणारच होता.”

आता मला हसू आवरेना. तेही हसायला लागले आणि मग आम्ही दोघांनी पाण्याच्या भांड्याचा हिशेब मांडला. मी लसणाचं पाणी भरून जायची. ते येऊन ओतून औषधाचं भरायचे. मी परत आल्यावर वास नाही म्हणून ते ओतून पुन्हा लसणाचं भरायची. म्हणजे कोंबड्यांनी थोडं औषध प्यालं, थोडा लसूण प्याला, वर भोपळ्याच्या बिया खाल्ल्या. बऱ्या कशाने झाल्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अर्धवट औषध देणं वाईट, असं ते म्हणाले. तेही मला पुस्तकात सापडलं होतं. आमचं प्रथमच एका मुद्द्यावर एकमत झालं.

एक लिहिते. ज्या माणसाला मी भर समारंभात ‘बाटलीचा सौदागर’ म्हणाले, तो बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होता आणि त्या अक्षरांपायी रोज सकाळी स्वतःच्या पैशाची अंडी खिशात घालून माझ्या खुराड्यात वाकत होता. माझ्या भाषणात अशा माणसाला जागा नव्हती. भाषणात जागा करावी लागेल.

आत्या

१२ ऑगस्ट

चिमणे,

तुझा निरोप पोचला. तुझे सासरे तो शब्दन्‌शब्द पाठ करून आले आणि त्यांनी तो पायरीवर उभं राहून म्हणून दाखवला, शाळेतल्या मुलासारखा : “दोघांनाही सांगा, आधी खुराड्यातला भुसा बदला. जंतांची अंडी विष्ठेतून त्या ओल्या भुशात पडतात, तिथेच आत्या दाणे फेकते आणि तेच परत पोटात जातात. मग लसूण घाला नाहीतर औषध घाला, दोघंही भिंतीला डोकं आपटताय.”

‘दोघांनाही’. त्या शब्दात मी आले. वर्षभरानंतर तू मला रागावलीस. मी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही.

मग आम्ही कामाला लागलो. त्यांनी इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. जुना भुसा काढून दूर जाळला, जमीन उन्हात वाळू दिली, खुराडं परसाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं, दाणे जमिनीवर न फेकता टांगलेल्या पन्हळीत घालायला लागलो. शिंपीणबाईंनी पडद्याच्या उरलेल्या कापडाची पावसाची झडप शिवून दिली. काळ्या कापडाची. “लसणाने नाही गेला रंग,” ती म्हणाली. “घासून बघितला.”

मग औषध पूर्ण मापाने, आणि अंडी खड्ड्यात. त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक आहे. त्यातून मी जंताचं अंडं पाहिलं. इतकं नीटनेटकं, गुळगुळीत, लंबगोल. शत्रू इतका देखणा असेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी मंडळात माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटं भाषण केलं. म्हणाले, “कोंबड्यांची अंडी पांढरी झाली नव्हती. ती विकत आणलेली होती. आणणारा तिथे मागे बसलाय.” सभागृह कोसळायचं राहिलं. हसण्यात शिंपीणबाई सगळ्यांच्या पुढे. मी हसू थांबू दिलं. मग म्हणाले, “पण भोपळ्याच्या बियांना खटल्याविना फाशी देऊ नका.” आता मंडळातल्या काही घरी नुसत्या बिया, काही घरी नुसतं औषध, आणि सगळ्या कोंबड्यांची विष्ठा त्या मागच्या खोलीत तपासायची, असं ठरलं आहे. तुझे सासरे बियांच्या बाजूने आहेत, मी औषधाच्या. प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू सांभाळायची, म्हणजे लबाडीला वाव नाही. ही अट मी घातली.

माझं मत बदललेलं नाही, हे लिहून ठेव. न वाचता येणारी बाटली हा अन्यायच आहे. म्हणून आता दुकानात प्रत्येक बाटलीसोबत मी मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी मिळते : किती द्यायचं, किती दिवस अंडी खायची नाहीत. तुझ्या सासऱ्यांनी त्यातली माझी तीन विशेषणं खोडली. दोन मी परत घातली.

आत्या

१० सप्टेंबर

चिमणे,

आज सकाळी तुझे सासरे एक झाकणाची टोपली घेऊन आले आणि ती लपवत होते. टोपली लपवणं अंड्यांइतकं सोपं नसतं.

म्हणाले, “सूनबाईंना अंगणाचं घर मिळालंय.”

“हो का? मग येतेय कधी?”

ते बुटांकडे बघत राहिले. “दुकानाची माल आणायची गाडी उद्या तिकडे जातेय. सूनबाई म्हणाल्या, कोंबडी बरी झाली असेल तर गाडीतून पाठवून द्या.”

मी काही बोलले नाही. ते घाबरले. माझं न बोलणं त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

बियांचा निकाल आधी सांगते, म्हणजे पत्र फार घरगुती व्हायला नको. आमच्या या एवढ्याशा खटल्यात बिया दिलेल्या घरी जंत कमी दिसले, संपले नाहीत. औषध दिलेल्या घरी संपले, पण एका घरी भुसा ओलाच होता, तिथे परत आले. तेव्हा तुझा भुसा जिंकला. सासऱ्यांनी बियांची बाजू इतकी जोरात मांडली की आता त्यांच्या दुकानात काउंटरवर भोपळ्याच्या बियांची बरणी आहे.

आता कोंबडीबद्दल. इन्स्पेक्टरीणबाई बरी आहे. तुरा लालभडक. छातीचं हाड शोधावं लागतं. पण तिला पाठवता येत नाही. ती आज दुपारपासून अंड्यांवर बसली आहे. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून, जवळ गेलं की गुरगुरत. बसलेली कोंबडी हलवायची नाही, हा नियम तू नऊ वर्षांची असताना मला शिकवला होतास आणि माझ्या मोठ्याने बोलण्याने तेव्हाच्या कोंबडीची बैठक मोडते म्हणून पिल्लं निघेपर्यंत मला घरात कुजबुजत बोलायला लावलं होतंस. माझ्या आयुष्यात तेवढीच एक सेन्सॉरशिप मी मान्य केली.

मग दुपारी सासरे टोपली तिथेच ठेवून खुराड्यात डोकावले. बराच वेळ वाकून होते. मग सरळ झाले, कोट झटकला आणि म्हणाले, “नाही नाही. अशा अवस्थेत प्रवास? शक्यच नाही. सूनबाईंना स्वतःच यावं लागेल.”

तिच्याखाली कुठली अंडी आहेत ते त्यांनी पाहिलं. त्यांनी पाहायचं कारण नव्हतं. ती त्यांनीच आणून दिली होती, सकाळ ते दुपारच्या मधल्या वेळात, त्यांच्या गल्लीतून. पांढरी आहेत. एकावर शिक्का आहे.

तू डॉक्टर आहेस, तेव्हा तुला फसवण्यात अर्थ नाही. ही विकतची अंडी, यांतून पिल्लं कधीही निघणार नाहीत. म्हणजे तू किती दिवस राहायचं यावर कोंबडीची काही अट नाही. पण तिला फार काळ रिकामं बसवून ठेवणं बरं नव्हे, प्रकृती खंगते, असं पुस्तकात आहे. तेव्हा लवकर निघ. यावर तुला संताप आला असेल. तो पत्रातून कळवू नकोस, समोर येऊन कर. मी मध्ये बोलणार नाही. तुझे सासरे साक्षीला बसणार आहेत आणि शिंपीणबाईंनी भिंतीला टेकून स्टूल आत्ताच लावून ठेवलं आहे.

घरात आम्ही सगळे कुजबुजत बोलतोय.

राखून ठेवलेले आशीर्वाद इथे,
आत्या